पहिली-दुसरीचा वर्ग ओरडल्याशिवाय कसा सांभाळायचा

गेल्या वर्षी शिक्षण परिषदेला, म्हणजे आम्हा शिक्षकांच्या बैठकीला, डबे उघडून बसलो होतो. नव्यानं रुजू झालेली एक शिक्षिका, वय असेल चोवीस-पंचवीस, बसलेल्या घशानं मला म्हणाली, "ताई, तुम्ही मुलांना गप्प कसं करता हो? मी आठ दिवस नुसती ओरडतेय." मी म्हटलं, "आधी तीन दिवस घड्याळ लावून बघ, गोंगाट नेमका कधी होतो ते." तिनं मान डोलावली. पण तिला उपाय हवा होता आणि ह्या बाईनं उलट गृहपाठच दिला, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात दुसरं सत्र सुरू झालं. राहिलेलं इथं लिहिते.

मी जुन्नर तालुक्यात एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीचा जोडवर्ग घेते. शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी गुरुजींकडे. माझ्या वर्गाचा पट सध्या २७. नोकरीला लागले २००३ साली, शिक्षणसेवक म्हणून, महिना ३,००० रुपये मानधनावर. तेव्हा माझा आवाज खणखणीत होता आणि त्याचा मला अभिमानही होता. पुढं लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या आवाजानं काही साधत नाही हे कळल्यावर शिकले.

आधी घड्याळ

मी तिला सांगितलेला उद्योग स्वतः केलेला आहे. एक पाठकोरा कागद घ्यायचा. वर्ग हाताबाहेर गेला की त्यावर वेळ टिपायची आणि त्या क्षणी आपण काय करत होतो तेही लिहायचं. माझ्या कागदावर तीन दिवसांत १४ नोंदी झाल्या. त्यातल्या ११ वेळा मी शिकवतच नव्हते. हजेरी मांडत होते, पोषण आहाराच्या वहीत ताटांचा आकडा भरत होते, फळा पुसत होते, कपाटात तक्ता शोधत होते, नाहीतर फोनवरून कुणाला तरी 'तात्काळ' माहिती पाठवत होते. ती दोन-तीन मिनिटं मुलांना काहीच काम नव्हतं. सहा वर्षांचं मूल रिकाम्या मिनिटात काय करतं? शेजारच्याच्या पाटीवर थुंकी लावून त्याचं चित्र पुसतं. मग तो शेजारी रिकामा राहत नाही.

म्हणून पहिलं काम मुलांवर करायचं नाही, आपल्या दिवसावर करायचं. हजेरीचंच बघा. मी पुठ्ठ्यावर प्रत्येकाचं नाव लिहून भिंतीवर दोन दोऱ्या बांधल्या, एकीवर घराचं चित्र आणि दुसरीवर शाळेचं. कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. मूल आलं की आपला पुठ्ठा 'घर'वरून काढून 'शाळे'वर लावतं. परिपाठ संपेपर्यंत 'घर'वर उरतात ते गैरहजर, तेवढे बघून मी हजेरीपट भरते. सात-आठ मिनिटं वाचली. शिवाय पहिलीची मुलं पंधरवड्यात स्वतःचं नाव ओळखायला लागली, आणि महिन्याभरात शेजारणीचंही.

दिवसभर लागणारं सामान मी आदल्या संध्याकाळी एका परातीत काढून ठेवते. फळा परिपाठाच्या आधी लिहिलेला असतो. जोडवर्गात एका इयत्तेला शिकवताना दुसरीला काम द्यावं लागतं. ते असं द्यायचं की झालं की नाही हे मुलाला स्वतःला कळेल. 'पाढे लिहा' म्हटलं की दहा जण दहा वेळा विचारायला येतात, "बाई, कुठपर्यंत?" त्याऐवजी प्रत्येक जोडीला वाटीभर चिंचोके द्यायचे, दहा-दहाचे ढीग करायचे आणि उरले किती ते पाटीवर लिहायचं. ढीग पूर्ण झाला की विचारायला यावंच लागत नाही. एक सूचना: चिंचोके फरशीवर देऊ नका, कान किटतात. जुन्या गोधडीचा तुकडा खाली घाला.

बोलावून घ्यायची खूण

"हाताची घडी, तोंडावर बोट" आपण सगळेच ऐकत मोठे झालो. मीही वर्षानुवर्षं म्हटलं. त्यानं वर्ग शांत होतो, नाही असं नाही, पण दीडेक मिनिट. शिवाय हाताची घडी घातलेलं मूल काही करू शकत नाही. म्हणजे आपणच त्याला पुन्हा रिकामं केलं.

माझी खूण पावसाची आहे. बऱ्याच शाळांत हा खेळ खेळतात, मी फक्त तो उलटा वापरते. मी पाचही बोटांनी तळहातावर टाळी वाजवायला लागते, ज्याचं लक्ष जाईल तो सामील होतो. सगळ्यांचा जोराचा पाऊस पडायला लागला की मी चार बोटांवर येते, मग तीन, दोन, एक. एका बोटाचा टपटप आवाज ऐकू यायचा तर वर्ग आपोआप श्वास रोखतो. मग मूठ मिटायची आणि अगदी हळू आवाजात पुढची सूचना द्यायची. हळू बोललं की मुलं पुढं वाकतात. आपण ओरडलो की तीही त्याच पट्टीत बोलायला लागतात.

हे पत्र्याच्या वर्गात कळलं. जुलैतला पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही. ओरडून माझा घसा गेला आणि पुढचे तीन दिवस खुणा करून शिकवलं. त्या तीन दिवसांत जेवढं काम झालं तेवढं आदल्या आठवड्यात झालं नव्हतं. (ती खोली आता पाडली. नव्या वर्गाला स्लॅब आहे आणि तो गळतो, पण तो विषय वेगळा.)

खूण कोणतीही चालेल, टाळी, घंटी, ओळीचं गाणं, पण पहिल्या आठवड्यात ती खेळ म्हणून दिवसातून आठ-दहा वेळा करून घ्या, काही गरज नसताना. खूण केली की बोलायचं नाही, वाट बघायची. दोघं-तिघं तरीही बोलत राहिले तर खूण पुन्हा करू नका. चालत त्यांच्याजवळ जाऊन उभं राहायचं, बस. खूण चार-चार वेळा केली की मुलं चौथीचीच वाट बघायला शिकतात.

एका वेळी एकच गोष्ट

"दप्तरं भरा, पाट्या मागं ठेवा, रांग करा आणि हात धुऊन या." हे वाक्य मी पहिलीत म्हटलं की अर्धा वर्ग थेट नळावर. त्यांची चूक नाही, त्यांनी शेवटचं ऐकलं. एक सूचना, ती झालेली दिसली की दुसरी. आणि काय करायचं नाही यापेक्षा काय करायचं ते सांगायचं. "पळू नका" यात मुलाला 'पळ' तेवढं ऐकू येतं. "भिंतीला हात लावत चला" म्हटलं की त्याच्या हाताला काम मिळतं.

नियम माझ्या वर्गात तीनच आहेत. शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात मुलांशी बोलून ठरवतो आणि चित्रं काढून लावतो, कारण पहिलीला वाचता येत नाही. कान: बोलणाऱ्याचं ऐकायचं. हात: मारायचं नाही, विचारून घ्यायचं. तिसरं चित्र चपलेचं.

चपलेबद्दल थोडं जास्त लिहिते. पूर्वी दारात चपलांचा ढीग पडायचा आणि सुटताना त्यावरून रोज एक तरी मारामारी. नीट ठेवा, नीट ठेवा म्हणून मी थकले. मग एका रविवारी गुरुजी आणि मी ओट्यावर पिवळ्या ऑइल पेंटनं चपलांच्या आकृत्या काढल्या, ३० जोड्या, तोंडं घराकडं. सोमवारी कुणालाही काही सांगितलं नाही. मुलं आली, थबकली, मग आपल्या मापाची आकृती शोधायला लागली. एका मुलीच्या पायात त्या दिवशी चपलाच नव्हत्या. ती एका आकृतीवर दोन्ही पाय जुळवून क्षणभर उभी राहिली आणि मग वर्गात आली. त्यानंतर चपलांसाठी मला कधी तोंड उघडावं लागलं नाही. मूल रोज जिथं चुकतं ती जागा आधी बघा. पुष्कळदा तिथं रंगाचा एक डबा पुरतो.

टिकल्या, बरणी आणि मॉनिटर

बक्षिसांच्या बाबतीत मी चांगलीच तोंडावर पडले आहे. कुठल्याशा प्रशिक्षणात चांदण्यांचा तक्ता करायला सांगितलं होतं. चांदण्या मिळाल्या नाहीत म्हणून मी लाल टिकल्यांची पाकिटं आणली. चांगलं वागलं की नावापुढं टिकली. पहिला आठवडा वर्ग देवळासारखा. दुसऱ्या आठवड्यात एका मुलीच्या नावापुढं एकदम नऊ टिकल्या वाढल्या, तिनं आईकडून आठवडे बाजारातून पाकीट आणवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात दोन बोरांना एक टिकली असा भाव निघाला. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एक मुलगा होता, त्याच्या नावापुढं एकही टिकली नव्हती. मी त्याला म्हटलं, "आज नीट बस हं, तुलाही मिळेल." तो म्हणाला, "नको बाई, मला नाहीतरी नसतीच." त्या दिवशी सुट्टीत तक्ता काढला.

आता एकच बरणी आहे, सगळ्या वर्गाची. काही चांगलं घडलं की त्यात एक चिंचोका टाकायचा आणि काय घडलं ते मोठ्यानं सांगायचं. बरणी भरायला तीन-चार आठवडे लागतात. भरली की शनिवारी मुलं ठरवतील तो कार्यक्रम: ओढ्यावर जाणं, मातीची बैलं, कधी नुसता लंगडीचा सामना. दोन पथ्यं मात्र पाळते. एकदा टाकलेला चिंचोका शिक्षा म्हणून काढायचा नाही. आणि "तुझ्यामुळं बरणी भरत नाही" असं कुणालाही, मुलांनाही, म्हणू द्यायचं नाही.

कौतुकाचंही तसंच. 'शाब्बास' आणि 'हुशार' हे शब्द मी दिवसात इतक्यांदा वापरायचे की मुलं त्याकडं लक्ष देईनाशी झाली. त्यापेक्षा जे दिसलं ते सांगावं. "तू सरकून बसलीस म्हणून त्याला फळा दिसला." एवढंच. त्या मुलीला कळतं की बाईंनी बघितलं, आणि बाकीच्यांना कळतं की सरकून बसणं म्हणजे काय.

मॉनिटर मी बंद केला. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची आणि पुढं फुल्या मारायच्या, ही पद्धत तुम्हीही भोगली असेल. सात वर्षांच्या मुलाच्या हातात खडू आणि अधिकार दिला की आठ दिवसांत पेन्सिलीच्या तुकड्यावर नाव पुसून मिळायला लागतं. त्याऐवजी कामं वाटायची आणि दर सोमवारी बदलायची. खडू-डस्टर, पिण्याच्या पाण्याचे ग्लास, ताटं मोजणं, झाडांना पाणी, चिमटे तपासणं. जे मूल सगळ्यात जास्त हुंदडतं त्याला सगळ्यात जास्त चालायला लावणारं काम द्या. आमच्याकडं ताटं मोजून स्वयंपाकाच्या मावशींना आकडा सांगायला जाण्याचं काम सगळ्यात मानाचं आहे, कारण त्यात खिचडीचा वास आधी मिळतो.

मारामारी, शिव्या आणि न बसणारं मूल

"बाई, ह्यानं मला मारलं." दिवसात दहा वेळा. न्यायाधीश होऊ नका, वेळ जातो आणि निकाल चुकतो. मी खाली बसते, दोघांच्या उंचीवर. एक बोलणार, दुसरा ऐकणार, मग दुसऱ्यानं सांगायचं की पहिला काय म्हणाला. इथंच बऱ्याचदा भांडण विरतं, कारण पुन्हा सांगताना हसू येतं. 'सॉरी म्हण' हे मी सोडलं. पाटी फोडली असेल तर दोघांनी मिळून तुकडे गोळा करायचे आणि आजचा दिवस एका पाटीवर लिहायचं.

शिव्यांना दचकू नका. बहुतेकांना अर्थ माहीत नसतो, पण तुमचा चेहरा बदलला की त्या शब्दात जोर आहे एवढं त्यांना नक्की कळतं. आमच्या वर्गानं रागाचा शब्द ठरवला, 'सडका टोमॅटो'. नारायणगावच्या बाजारात भाव पडला की टोमॅटोचं काय होतं ते आमच्या मुलांनी पाहिलेलं आहे, त्यामुळं हा अपमान त्यांना पुरेसा कडक वाटतो.

एक मुलगा रोज कुणाला तरी चावायचा नाहीतर ढकलायचा. मी आठवडाभर वहीत टिपलं: केव्हा, कुठं, त्याआधी काय. सगळ्या वेळा बारा ते एकच्या दरम्यानच्या. घरी गेले तेव्हा कळलं, आई सहालाच कांदा लागवडीला जाते, पोरगं सकाळी नुसत्या चहावर येतं आणि शाळेतलं जेवण दीड वाजता. त्या दिवसापासून साडेअकराला वर्गातल्या सगळ्यांना मूठ-मूठ फुटाणे. सगळ्यांना, म्हणजे त्याच्या एकट्याच्या पोटाची चर्चा होत नाही. चावणं थांबलं. चिमटे अजून काढतो.

दिवाळीनंतर आमच्याकडं मेंढपाळांची कुटुंबं येतात. दिवसभर कळपामागं चालणारी मुलगी चार भिंतींत पट्टीवर मांडी घालून बसेल, ही अपेक्षाच चूक. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, मुलं जिथं होती तिथं शाळा नेली. मला तेवढं जमत नाही. पण दिवसातला एक तास सगळा वर्ग कडुलिंबाखाली नेते, आणि उभं राहून लिहायचं असेल त्याला भिंतीवरचा खालचा फळा मोकळा आहे.

आता माझी चूक. २००६ साली, आधीच्या शाळेत, एका मुलाला मी चिडून दाराबाहेर उभं केलं. दहा मिनिटांनी बघितलं तर दारात कुणी नाही. शाळेच्या दोन्ही बाजूंना उभा ऊस. जुन्नरकडं उसात बिबट्या असतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. वर्ग तसाच सोडून मी उसाच्या कडेकडेनं त्याला हाका मारत धावले. पाऊण तासानं तो सापडला, स्वतःच्या घरी, ओट्यावर बसून भाकरी खात होता. आई शांतपणे म्हणाली, "बाईनी भाईर काढलं म्हणला, मग आला घरी." मला तिच्यासमोर पाणीसुद्धा गिळवेना.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीवर बंदी आहे. म्हणजे छडी तर नाहीच, पण अंगठे धरून उभं करणं, वर्गासमोर टिंगल करणं हेही नाही. माझ्या वर्गातून त्याच्या चार वर्षं आधीच मूल बाहेर काढणं बंद झालं होतं. फार तापलेल्या मुलाला मी माझ्या खुर्चीशेजारी बसवते आणि मोजायला चिंचोके देते. बोलत नाही. तीस-चाळीस मोजून झाले की तो स्वतःच म्हणतो, "जाऊ का जागेवर?"

पालक येऊन सांगतात, "बाई, दोन ठेवून द्या, आमची काही हरकत नाही." मी म्हणते, "माझी आहे." आणि लगेच त्यांच्या मुलाची एखादी चांगली गोष्ट सांगते, तारीखवार. आठवड्याला तीन घरी फोन करून नुसती चांगली बातमी द्यायची, तक्रार एकही नाही. पहिल्या फोनला पलीकडून हमखास घाबरून विचारतात, "काय केलं त्यानं?"

सुटताना

शेवटची दहा मिनिटं हातची जाऊ देऊ नका, सगळ्यात जास्त ढकलाढकली तेव्हाच होते. पाचला घंटा असेल तर पावणेपाचलाच दप्तरं भरून होतात. मग गोष्टीचा उरलेला तुकडा. रांग वस्तीनिहाय, मळ्यातली मुलं एका गटात, कारण हिवाळ्यात लवकर अंधारतं आणि एकट्यानं जायचं नाही. दारात मी उभी असते. प्रत्येक जण जाताना हात मिळवतो नाहीतर टाळी देतो, ज्याला जे हवं ते. दिवसात ज्याला मी रागावले असेन त्याचा हात जरा जास्त वेळ धरते.

त्या शिक्षिकेचा परवा फोन आला होता. घड्याळाचं काम तिनं केलं. तिच्या कागदावर १९ नोंदी, त्यातल्या १३ वेळा ती फोनवर माहिती भरत होती. आता ती बरणी सुरू करणार म्हणाली. तिला म्हटलं, झाकण घट्ट फिरकीचं घे आणि बरणी उंच फळीवर ठेव. आमच्या भागात चिंचोके भाजून खातात, आणि माझी पहिली बरणी वर्गानं एका मधल्या सुट्टीत चुलीवर भाजून संपवली होती.